परसातले रंग, दरबारातली फुले

पैठणीचे वय विचारले की उत्तर ठरलेले असते: दोन हजार वर्षे. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, तिथले रेशीम, भडोचच्या बंदरातून रोमकडे निघालेली जहाजे, आणि तेव्हापासून न तुटता थेट येवल्याच्या मागापर्यंत आलेला धागा. ही वंशावळ दुकानाच्या पाटीवर शोभते. पण पाटीवरची वंशावळ आणि कापडात दिसणारी वंशावळ यांचा मेळ बसतोच असे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा एखादा दोनरंगी शेला समोर धरून पाहावा. अंगाचा उभा धागा, म्हणजे ताणा, एका रंगाचा. आडवा धागा, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचा. दोन्हीकडे जरीचे काठ. आणि पदरावर आसावली, म्हणजे फुलांनी लगडलेली वेल. साडीहून हे वस्त्र आटोपशीर, खांद्यावर घ्यायचे, आणि शेला-पागोटे देऊन मान करण्याच्या रीतीमुळे बायकांइतकेच पुरुषांचेही. एवढ्याशा विणकामात तीन निरनिराळी कुळे एकत्र नांदतात. रंग परसातून आले, फुले दरबारातून आली, आणि दोघांना एका वस्त्रात बसवणारा सांधा मागावर घडला. या वस्त्राची ओळख ठरवतो तो हा सांधा. फुलांच्या नावाने सांगितलेली कुळकथा म्हणूनच लंगडी पडते.

आधी जुना पुरावा काय सांगतो ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठणचे नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. दोन्ही ठिकाणांहून गाड्यांतून भडोचला माल उतरे. आता या मालाची यादी नीट वाचावी. पैठणहून येत ते अकीकासारखे खडे. कापड येई ते तेरहून, आणि तेही साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल. पैठणच्या रेशमाचा किंवा जरीचा तिथे शब्द नाही. म्हणजे पैठणीच्या प्राचीनतेसाठी जो साक्षीदार हटकून उभा केला जातो, त्याची साक्ष पैठणच्या बाबतीत दगडांविषयी आहे. नाशिकची साक्ष याहून बोलकी आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना चीवरासाठी पैसे मिळायचे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नाशिकच्या परिसरात विणकरांच्या एकाहून अधिक संघटना होत्या आणि राजघराण्याने पैसा सोपवावा इतकी त्यांची पत होती, हे यावरून निर्विवाद ठरते. मात्र ते विणकर काय विणत, किती रंग वापरत, हे लेख सांगत नाही. विणकर जुने आहेत एवढ्यावरून आजचे वस्त्रही तितकेच जुने, असे म्हणता येत नाही.

येवल्याची गोष्ट बरीच अलीकडची आहे आणि ती सुरू होते एका करारापासून. सतराव्या शतकात राघोजी नाईक यांनी हे गाव वसवले. गावाला धंदा हवा म्हणून त्यांनी शामदास वालजी नावाच्या गुजराती वाण्याला मक्तेदारीचे वचन दिले आणि त्याच्याकरवी रेशीम विणणारे कारागीर आणवले, अशी हकीकत नाशिक जिल्ह्याच्या १८८३च्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे पेशवाईत येवला विंचूरकरांच्या जहागिरीत गेले. पैठणी आणि पीतांबर विणणाऱ्यांत खत्री, कोष्टी, साळी आणि मोमीन असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले समाज होते. या हकीकतीचा अर्थ सरळ आहे. पैठणची कला नदीच्या प्रवाहासारखी आपोआप येवल्याला पोहोचली नाही. ती कुणीतरी ठरवून, भांडवल घालून, बाहेरून माणसे आणून उभी केली, आणि ज्याच्या हातून उभी केली तो गुजरातच्या कापडव्यापारात मुरलेला होता. अहमदाबादकडच्या जरीच्या कापडांत ‘आशावली’ नावाचा प्रकार आहे आणि फुलवेलीची नक्षी त्याचीही ओळख आहे. केवळ नाव जुळते म्हणून नाते जोडू नये. तरीही रेशीम, जरी आणि कारागीर यांची ये-जा ज्या रस्त्याने होत होती, त्याच रस्त्याने नक्षीही आली असावी, हा तर्क वावगा ठरत नाही. आजही येवल्याची जरी सुरतेहून येते आणि रेशीम बंगळुरूहून.

आता फुलांकडे वळू. आसावलीची वेल पाहताना पहिला प्रश्न असा पडायला हवा की हे फूल कोणते? जास्वंद नाही, मोगरा नाही, शेवंती नाही, सोनचाफा नाही. महाराष्ट्राच्या अंगणात जी फुले रोज तोडली जातात, देवाला वाहिली जातात, वेणीत माळली जातात, त्यांतले एकही फूल या वेलीवर ओळखता येत नाही. विणकराने आपल्या कुंपणाकडे पाहून नक्षी काढली असती तर हे घडले नसते. आसावलीचे फूल ज्या घराण्याचे आहे ते सतराव्या शतकात मोगल दरबारात आकाराला आले. १६२० साली जहांगीर काश्मीरला गेला. तिथल्या फुलांची गणती करता येणार नाही आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. शाहजहानच्या काळात एकटे उभे फुलझाड चित्रांच्या हाशियांवर, संगमरवरावर, तंबूंच्या कनातींवर आणि काश्मिरी शालींच्या पदरांवर सर्वत्र दिसू लागले. ही आवड दख्खनला कशी आली याचे उत्तर नकाशावर आहे. १६३६ साली निजामशाही संपली. औरंगजेब दोनदा दख्खनचा सुभेदार झाला, मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले आणि १६६०च्या सुमारास बीबी का मकबरा उभा राहिला. त्याच्या भिंतींवर चुन्यात काढलेली फुलझाडे अजून पाहायला मिळतात. पैठण तिथून जेमतेम पन्नास किलोमीटर. दरबार, छावणी, सरदार आणि खिलतींची, म्हणजे मानाच्या वस्त्रांची, मागणी विणकराच्या दाराशी येऊन ठेपली होती. येवला वसले तेही याच शतकात. विणकराने फूल उचलले ते बागेतून नव्हे, गिऱ्हाइकाच्या आवडीतून.

यावर नाशिककरांचा एक गोड आक्षेप येऊ शकतो. मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. मराठ्यांचा अंमल बसल्यावर जुने नाव परत आले. ज्या मुलखाला बागांचे शहर म्हणत, तिथल्या विणकराला फुलांसाठी काश्मीरची फुले काढणाऱ्या चित्रकाराकडे कशाला जावे लागेल? पण शहराचे ते नाव कारभाऱ्यांनी ठेवलेले होते. ते राज्यकर्त्यांच्या अभिरुचीचा पुरावा आहे, विणकराच्या नमुन्याचा नव्हे. उलट या नावावरून मूळ मुद्दा पक्काच होतो: सतराव्या शतकात या भागात बाग आणि फूल ही सत्तेची भाषा झाली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैठणीच्या पदरावर अजंठा कमळ असते, ते तर मोगलांच्या हजार-बाराशे वर्षे आधीचे. कमळ जुने आहे यात वाद नाही. अजिंठ्याच्या छतांवर ते भरपूर आहे. पण त्याच भिंतींवर माणसांच्या अंगावर जी वस्त्रे रंगवली आहेत ती पाहावीत. पट्ट्यापट्ट्यांची, बारीक नक्षीची, एके ठिकाणी हंसांची. जरीच्या पदरावर रेशमी कमळ असे वस्त्र तिथे नाही. कमळ छतावर होते, कापडावर नव्हते. नंतरच्या विणकराने ते छतावरून पदरावर आणले असेल तर ती त्याची कल्पकता आहे. त्यामुळे त्याचा माग अजिंठ्याइतका जुना होत नाही.

मग या शेल्यात परसातले काहीच नाही का? आहे, पण ते रेषेत शोधून सापडत नाही. ते रंगात आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या एका पत्राचा उल्लेख पैठणीच्या अभ्यासात वारंवार येतो. त्यात आसावली दुपट्टे मागवले आहेत आणि रंग सांगितले आहेत: लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. नक्षीसाठी एक ठरलेला शब्द आणि रंगांसाठी पाचांची फर्माईश. पाचांतले तीन रंग झाडाझुडपांवरून ओळखले जाणारे. विणकरांच्या आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यातली यादी याच वळणाची आहे: अबोली, जांभळी, वांगी, कुसुंबी, राघू, मोरपंखी. हा केवळ नावांचा खेळ नव्हता. कृत्रिम रंग येईपर्यंत रंगाऱ्याचे पिंप खरोखरच शेतावर आणि परसावर चाले. कुसुंब्याचा गुलाबी-लाल करडईच्या फुलांपासून, निळा निळीच्या झुडपापासून, पिवळ्याच्या छटा हळदीपासून, पळसफुलांपासून आणि डाळिंबाच्या सालीपासून. १८५६ साली इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत ही पिंपे ओस पडली. रंग बाटलीतून येऊ लागला तरी अबोलीला अबोली म्हणायचे कुणी सोडले नाही. बागेतले फूल पदरावर चितारलेले नसेल, पण बाग धाग्यात मुरलेली होती.

आणि या रंगांची खरी करामत दोन रंग एकत्र आल्यावर दिसते. धूपछाव म्हणतात ती हीच. साध्या विणीत ताणा आणि बाणा सारख्याच प्रमाणात वर येतात. ताणा हिरवा आणि बाणा लाल असेल तर कापडाच्या प्रत्येक कणात हिरव्याशेजारी लाल असतो. सुताचे कापड असते तर दोन्ही मिसळून एक मातकट रंग दिसला असता. रेशमाचा धागा मात्र गुळगुळीत असतो आणि त्याची चमक धाग्याच्या दिशेवर ठरते. उजेड एका बाजूने आला की उभे धागे चमकतात, दुसऱ्या बाजूने आला की आडवे. म्हणून शेल्याची चुणी पडते तिथे एक रंग उजळतो आणि शेजारच्या वळणावर दुसरा. कुठला ताणा आणि कुठला बाणा याच्या ठरलेल्या जोड्या होत्या आणि त्यांना स्वतंत्र नावे होती: काळ्या-पांढऱ्याची गुजरी, काळ्या-लालाची मिराणी. पाकळीवर कोवळ्या उन्हात जी दुहेरी छटा दिसते ती चित्रकाराला रंगवावी लागते. इथे ती विणीच्या रचनेतूनच निघते. फुलाशी या वस्त्राचे जवळचे नाते जोडायचेच असेल तर ते पदरावरच्या वेलीपेक्षा अंगाच्या या रंगात जोडावे.

पण दोन रंगांनी एक अडचणही उभी केली, आणि सांध्याची गोष्ट तिथेच सुरू होते. बाणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाऊ दिला तर अंगाचा रंग काठात घुसतो. काठाची जरी मळकट दिसते. काठ आपल्या रंगात आणि अंग आपल्या रंगात ठेवायचे तर प्रत्येक भागाला स्वतंत्र बाणा हवा. म्हणून कडियल विणीत तीन धोटे, म्हणजे बाण्याचा धागा नेणारी साधने, चालतात: दोन काठांसाठी दोन, अंगासाठी एक. अंगाचा धोटा काठाच्या सीमेपर्यंत जातो, तिथे काठाच्या धाग्याला अडकवून मागे फिरतो. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. हा अडकवण्याचा सांधा दर ओळीला, दोन्ही काठांशी, अखंड चालतो. पदरात तर धोट्यांचे कामच संपते. तिथे बाणा जरीचा होतो आणि नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली लागते. पाकळीची एक, देठाची एक, पानाची एक, पाकळ्यांमधल्या जरीच्या प्रत्येक तुकड्याची आणखी एक. विणकर उभ्या धाग्यांखाली नक्षीचा कागद ठेवतो, ठरावीक धागे बोटांनी उचलतो, तिल्ली तेवढ्या घरापुरती फिरवतो आणि शेजारच्या रंगाशी धागा गुंतवून थांबतो. सगळ्या तिल्ल्या एकदा फिरल्या की फणी ठोकायची. मग एक आडवी ओळ पूर्ण होते, केसाएवढी. म्हणूनच साध्या बुट्ट्यांची एकधोटी, म्हणजे एकाच धोट्याने विणलेली साडी, काही आठवड्यांत उतरते आणि भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात.

दोन रंग एका ओळीत सांभाळण्याचा हा प्रश्न फक्त मागावरचा नाही. सुयांवर दोन रंगांच्या लोकरीने फुलांची शाल विणणारीलाही तो पडतो. दुसरा रंग वापरात नसताना तो मागून ओढत न्यायचा, की फुलापुरता वेगळा गुंडा लावून कडेला दोन्ही धागे एकमेकांत गुंतवायचे? मागून ओढला तर उलट बाजूला सूत लोंबते आणि फूल लहान, जवळजवळ ठेवावे लागते. गुंतवला तर फूल हवे तेवढे मोठे होते, पण गुंडे सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. बनारसच्या बहुतेक जरीकामाने पहिला मार्ग घेतला: नक्षीचा धागा मागून तरंगत जातो किंवा कापून टाकलेला असतो. येवल्याने दुसरा मार्ग घेतला, म्हणून पदर उलटून पाहिला तरी फूल तसेच दिसते. या निवडीने फुलाचा आकारही ठरवला. दोन रंगांची सीमा उभी सरळ असेल तर दर ओळीला त्याच जागी सांधा पडतो आणि तिथे कापडाला घट्टा येतो. सीमा तिरकी असेल तर सांधा दर ओळीला एक-दोन धागे सरकतो आणि भार वाटला जातो. आसावलीची वेल सरळ उभी न राहता डुलत का चढते आणि तिच्या पाकळ्यांना पायऱ्यापायऱ्यांच्या कडा का असतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे. मन्सूरच्या कुंचल्यातले बारीक, गोलसर फूल दरबारातून निघाले खरे, पण मागावर पोहोचेपर्यंत त्याचा नाक-नकाशा बदलला. ते ओळखीचे उरले नाही याचे कारण विणकराचे अज्ञान नाही. सांध्याला जे फूल मानवले तेवढेच टिकले.

इथे जाणकार विचारतील: बाणा गुंतवून नक्षी काढायची रीत काश्मीरच्या कानी शालीतही आहे, मग तिच्या आधारे येवल्याचे वेगळेपण कसे सांगायचे? रास्त प्रश्न आहे. पण कुळकथेत एकटेपणा सिद्ध करायचा नसतो, घडण सांगायची असते. कानी शाल लोकरीची, तिरक्या विणीची, आणि तिची जमीनही त्याच लोकरीची. येवल्यात तोच विचार रेशमाच्या साध्या विणीत आला, जमीन सोन्याच्या जरीची झाली आणि अंगाला धूपछाव मिळाली. नातेवाईक असणे हा कुळाचा कमीपणा नसतो. दुसरा आक्षेप आजचा आहे. सांधा हीच ओळख असेल तर जॅकार्डवर किंवा यंत्रमागावर निघणारी, हुबेहूब मोर आणि आसावली असलेली साडी पैठणी नव्हे का? हजार-दोन हजारांत ती घेऊन लग्नात मिरवणाऱ्या बाईला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिचा आनंद खरा आहे. पण त्या कापडात फूल तेवढे आले, बाकी दोन कुळे आली नाहीत. मागच्या बाजूचे तरंगते धागेच ते सांगतात. त्याला वेगळे नाव आणि वेगळा भाव असावा, एवढेच म्हणणे आहे.

पैठणीला भौगोलिक मानांकन २०१०मध्ये मिळाले आणि त्यात पैठण व येवला दोन्ही आले, हे योग्यच झाले. कूळ एका गावाच्या मालकीचे नव्हतेच. मात्र या नावाचे रक्षण करताना आपण नेमके काय जपतो आहोत याचा विचार व्हायला हवा. आज सर्वात जास्त जपली जाते ती नक्षी, आणि नेमकी नक्षीच सर्वात सहज चोरली जाते. मोर आणि वेल आता पर्सवर, पिशवीवर, लग्नपत्रिकेवर छापलेली मिळते. शेल्याची ही कुळकथा मान्य केली तर अग्रक्रम बदलतो. विणकराने उद्या आसावली सोडून जास्वंद किंवा नाशिकची द्राक्षवेल पदरावर काढली तर परंपरा बुडणार नाही. मोगल फूल घेतले तेव्हाही त्याने हेच केले होते. रंगांच्या नव्या जोड्या बसवल्या तरी बिघडत नाही. बुडेल ती तीन धोटे आणि तिल्ल्या चालवणारा हात तयार होणे थांबले तर. प्रशिक्षणाचा पैसा, अनुदान आणि खऱ्याखोट्याची पारख करणारे नियम त्या हाताकडे वळले पाहिजेत, आणि गिऱ्हाइकानेही पदर विकत घेण्याआधी उलटून पाहायची सवय लावून घेतली पाहिजे.